नुसती पाहणारी म्हातारी

सिनेमाची पेटी आणि सिनेमावाल्याचं तोंड, एकदा उघडलं की लवकर बंद होत नाही! अमरावतीहून मी वर्षानुवर्षं स्वस्तातले भुताचे सिनेमे वऱ्हाडभर फिरवले. रिळं कुजली, किस्से साचत गेले.

परवा अकोल्याचा निखिल गोडाऊनमध्ये आला. आता मुंबईत मोठा डायरेक्टर आहे. म्हणाला, "काका, लहानपणी तुमच्या एका पिक्चरमध्ये म्हातारी पाहिली होती. काही करत नाही, नुसती माझ्याकडे पाहते. अजून लाईट बंद करून झोप येत नाही मले. नव्या पिक्चरचा शेवट तिच्यावरच आहे. तो सीन पाहिल्याशिवाय शूटिंग करवत नाही."

आमचे जुने ऑपरेटर गफ्फारभाई पेट्या उघडू लागले.

*

पहिल्या पेटीतल्या भुताला अकोल्याची पब्लिक हसली होती. तोंडाचं रबर निघून राहिलं होतं! गफ्फारभाईंनी मशीनचा उजेडच अर्धा केला. मग काय किंकाळ्या! म्हणाले, "शेठ, दिसलं तं हसतात. नाही दिसलं तं भेतात."

निखिल म्हणाला, "काका, आमी आता या अंधारासाठी भारीचा कॅमेरामन ठेवतो!"

*

तिवस्याला रिळं उलटसुलट लागली. हिरॉईन आधी मेली, आणि पुढच्या रिळात हसत सासूला चहा देऊन राहिली! लोक घामाघूम. इंटरव्हलला कोणी उठेना. कँटीनवाला ओरडत आला, "शेठ, भेव कमी करा, माहे समोसे उरून राहिले!"

मी रिळं तशीच ठेवली.

*

भातकुलीच्या पेंटरनं पोस्टरवरच्या भुताला स्वतःचंच तोंड दिलं. मॉडेल फुकटात! आठ दिवसांनी आला. "शेठ, पोस्टर उतरवा. मी त्या रस्त्यानं जात नाही आता."

*

शेवटी निखिलचा पिक्चर सापडला. भर दुपारी शटर ओढून भिंतीवर चालवला. पहिल्या रिळापासून शेवटपर्यंत. म्हातारी कुठंच नाही.

निखिल गफ्फारभाईंकडे वळला. "चाचा, तुकडा कापला काय?"

"एक इंच नाही कापला, बेटा. कशी होती?"

त्यानं मोबाईलमधलं स्केच दाखवलं. कपाळभर कुंकू, एक डोळा अर्धा मिटलेला.

गफ्फारभाई हळूच खाली बसले. "ही पडद्यावर नव्हती, बेटा. तिसऱ्या रांगेत बसे. मशीनच्या खिडकीतून रोज दिसे मले."

"पण मी तं पार मागं बसलो होतो. मग मले तिचं तोंड कसं दिसलं?"

"मले बी तोंडच दिसे. पडद्याकडं पाठ करून बसे ती."