दिवस बुडायच्या आत

त्या वर्षी नाताळ सोमवारी आला होता, म्हणून निपाणीच्या मिशन दवाखान्यातले कार्यक्रम शनिवारीच सुरू झाले. मला कशातच गोडी उरली नव्हती. श्रावणात बायको गेली, दिवाळीनंतर म्हैस विकून टाकली, आणि शाळा सुटली की घराकडे पाय वळेनासा झाला. पण शेजारच्या नर्सबाई स्वतः बोलावायला आल्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. बायकोच्या आजारपणात त्यांनी इतकं केलं होतं की नाही म्हणायला तोंड नव्हतं.

शनिवारी दुपारी मास्तर म्हणून मला पंच केलं. तंबाखूच्या वखारीतल्या बायका चमच्यातलं लिंबू अंगठ्यानं खुशाल दाबून धावत होत्या. मी बघूनही बघितलं नाही. भांडायला अंगात त्राण कुठं होतं? संगीत खुर्चीत कंपाउंडर आणि पोस्टमन एकाच खुर्चीवर बसले आणि खुर्ची मोडली. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, आणि हसून दमलो.

खरं भय होतं रविवारचं. रविवारी संध्याकाळी जेवण होतं.

ते भय का होतं, हे सांगायलाच हवं. आम्ही जैन. आक्का दरवर्षी नाताळचं ताट स्वतः आणून द्यायच्या, करंज्या, चकल्या, शेव. बायको हसतमुखानं घ्यायची आणि दार लावल्यावर म्हणायची, "अंड्याचा हात लागला आसंल वो. आपल्याला न्हाय चालायचं. पर तिला वाईट वाटू नये." मग ते ताट गोठ्यात म्हशीपुढं रिकामं व्हायचं. रिकामं ताट परत करू नये म्हणून ती त्यात शेंगदाण्याचे लाडू भरायची, आणि ते पोचवायला जायचो मी. "करंज्या झकास झाल्या होत्या आक्का, तोंडात विरघळत होत्या," हे मी बारा वर्षं न चुकता सांगितलं. शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं करणारा मी!

या वेळी ताट आलं नव्हतं, आमंत्रण आलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत खायचं, नाहीतर नको म्हणायचं. नको म्हटलं की बारा वर्षांचं पितळ उघडं पडणार.

रविवारी मांडवात बसलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. टाळ-पेटीवर भजनं झाली, आमच्यासारखीच, फक्त देव निराळा. मग बेळगावहून आलेले पाद्रीबाबा बोलायला उभे राहिले. मी त्यांचं ऐकत नव्हतो. माझं लक्ष वखारीच्या पत्र्यावर टेकत चाललेल्या सूर्याकडे होतं. दिवस बुडाला की आम्ही खात नाही, हे अख्ख्या निपाणीला ठाऊक. भाषण आणखी घटकाभर लांबलं की मी हात जोडून, मान राखून सुटणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं भाषण लांबावं म्हणून मनातून प्रार्थना केली.

तेवढ्यात खांद्याला हात लागला. "मास्तर, उठा. दिस बुडायच्या आत जेवून घ्या. पाद्रीबाबा काय लवकर आटपत न्हाईत."

भर सभेतून आक्कांनी मला उठवून आपल्या घरच्या स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं. पुढं ताट आलं. मी हात मागंच ठेवले. त्यांनी चुलीमागून एक पितळी कढई काढून दाखवली. "ही निराळी हाय. हिला अंडं न्हाय, कांदा न्हाय, कायबी लागल्यालं न्हाय. तुमच्या ताटापुरतीच काढतो दरसाल. अंघुळ करून तळतो."

मला लाज वाटली, दुसरं काही नाही. "आक्का," मी म्हणालो, "तुम्हाला एक सांगायचं हाय..."

"न्हाय सांगितलं तरी चालतंय." त्यांनी चुलीपुढच्या खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर आमचा गोठा दिसत होता, रिकामा. "म्हस इकलीसा न्हवं? म्हणून औंदा ताट न्हाय धाडलं. म्हटलं, आता मास्तरलाच बोलवावं."

"ठाऊक होतं, तर निराळ्या कढईत कशाला करत होता?"

"म्हस बी जैनाचीच की वो!"

त्या खळखळून हसल्या. मला हसू येईना आणि रडूही येईना. खिडकीतून पिवळं ऊन ताटावर आलं होतं. मी करंजी उचलली, चावली. लढाईमुळं साखर रेशनवर, म्हणून सारणात गूळ घातला होता, आणि तो चांगलाच आळला होता. दाढ दुखली.

"करंजी लई कडक झालीया, आक्का," मी म्हणालो.

त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आत्ता खरंच खाल्लीसा, मास्तर."

ऊन होतं तोवर मी दुसरीही खाल्ली, घरात नसलेल्या माणसाच्या वाटणीची.