सांभाळून बोलणारा माणूस

"तुमचंही छान आहे की!"

कोणी त्यांच्या मराठीचं कौतुक केलं की ते एवढंच म्हणत. चेहरा अगदी गंभीर. समोरचा क्षणभर गोंधळायचा, मग हसायचा. आपल्याला चिमटा बसला हे काहींना कळायचं, बऱ्याच जणांना कळायचंच नाही.

चाकणच्या आमच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत ते खरेदी विभागात होते आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी. खेडजवळच्या गावातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. आईला ते आईच म्हणत. तरी नवा माणूस नाव ऐकून हमखास म्हणे, "मुसलमान असून किती शुद्ध बोलता हो!" तुम्हीही हे वाक्य कुठे ना कुठे ऐकलं असेल. बोलणाऱ्याला वाटतं, आपण फूल दिलं.

"राग नाही येत तुम्हाला?" एकदा मीच चिडून विचारलं.

"येतो की. पण पकडायचं काय त्यात, ताई? शिवी दिली असती तर कॉलर तरी धरता आली असती."

स्वतः मात्र ते कुणाला लागेल असं बोलत नसत. एखाद्या पुरवठादाराचा माल परत पाठवायचा असला की फोनवर म्हणत, "माल देखणा आहे हो. फक्त गाडीला बसत नाही." पलीकडचा माणूसही हसत माल परत न्यायचा. आडून बोलणं वेगळं आणि सांभाळून बोलणं वेगळं. दोन्ही दिसायला सारखी, म्हणून आपण फसतो.

ते भोसरीत तिसऱ्या मजल्यावर राहत, लिफ्ट नव्हती. आईचे गुडघे गेलेले. म्हातारी कित्येक महिने खाली उतरली नव्हती. मोशीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. मालक बाहेरगावी, सगळा कारभार सेक्रेटरींकडे. मी त्यांना फोन केला. "तुमच्या ओळखीचे आहेत ना? मग प्रश्नच नाही, रविवारी घेऊन या," ते म्हणाले. नाव त्यांनी विचारलं नाही, आणि नाव सांगावं लागतं हे मला सुचलं नाही.

रविवारी ते आईला घेऊन आले. भोसरीच्या जिन्यावरून तिला दोघा शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून उतरवलं होतं. ती गाडीतच थांबली, नवी साडी नेसून. आम्ही दोघं सेक्रेटरींच्या दारात गेलो. त्यांनी हसून हात पुढे केला, नाव विचारलं, आणि हात हातात असतानाच त्यांचं हसू थोडं रुंद झालं.

"अरेरे, मालकांचा सकाळीच फोन आला. त्यांचा भाचा येतोय राहायला. आणि खरं सांगू का, तुम्हाला इथे करमणार नाही."

"का करमणार नाही?"

"सगळे शांत लोक आहेत इथे."

"मीही शांतच आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "साहेब, एकच वाक्य बोला. मुसलमानाला देत नाही, एवढं म्हणा. मी लगेच जातो."

"छे छे! असं कुठे असतं का? चहा घ्या ना!"

ते वाक्य सेक्रेटरींनी शेवटपर्यंत उच्चारलं नाही.

आम्ही गाडीपाशी आलो. आईने काच खाली केली. "काय म्हनले रं?"

"चावी सापडत नाहीये, आई."

तिने लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला कुठे बघावं कळेना.

"व्हय? ऱ्हाऊ दे मंग," ती म्हणाली. "लई दिसांनी ऊन बगितलं. जरा फिरवून आन मला."

गाडी गेली आणि मी परत सेक्रेटरींच्या दारात गेले. "तुम्ही आधी हो म्हणाला होतात!"

"मॅडम, मी त्यांना एक तरी वाईट शब्द बोललो का?"

नव्हते बोलले. सगळा अपमान इतका मऊ हातांनी केलेला की कुठे बोटाचा ठसा सापडू नये. मी सोसायटीच्या ग्रुपवर घडलेलं सगळं सरळ लिहिलं. उत्तरादाखल चार जणांनी हात जोडलेले पाठवले आणि एकाने सुप्रभात. आमच्यातले हे सज्जन लोक मला शिव्या देणाऱ्यांपेक्षा जास्त छळतात. भाचा कधी आलाच नाही. पुढे दुसरंच एक कुटुंब राहायला आलं.

वर्षभरात त्यांनी कंपनीच्या तमिळनाडूतल्या कारखान्यात बदली मागून घेतली. निरोपाच्या वेळी सगळ्यांना सांगत होते, "तिकडची हवा आईच्या गुडघ्यांना बरी." लोकांनी माना डोलावल्या. मी केक खाल्ला नाही.

मध्यंतरी फोन केला तर आईनेच उचलला. ते कामावर होते. तळमजल्यावर घर मिळालंय, दारात खुर्ची टाकून बसते, म्हणाली. पण दूधवाल्याला हिचं कळत नाही, हिला शेजारणीचं कळत नाही. लेक घरी येईस्तोवर दिवसभर तोंड मिटून बसायचं. बराच वेळ बोललो. मग मला कामाची हाक आली. मी म्हटलं, "ठेवू का आई आता?"

"थांब की गं," ती म्हणाली. "काय बी बोल. मी निस्ती ऐकते."