भरतीची वेळ आणि सुगंधावहिनीच्या गोळ्या

आमच्या थळ गावाहून निघाले त्या दिवशी टॅक्सीवाला हॉर्न वाजवून दमला, पण आई काही मला उंबरा ओलांडू देईना. "भरती लागू दे गो बाय. सुक्या खाडीतून होडी निंगत न्हाय, तू कशी निंगशील?" मी मनात चरफडले. पीएचडीला परदेशी निघालेली मुलगी, आणि विमान चुकणार कशामुळे, तर ओहोटीमुळे! पाणी चढल्यावरच तिनं माझी बॅग उचलली.

आता मी स्कॉटलंडमधल्या एका लॅबमध्ये असते. गर्भाशयाचं आतलं अस्तर हा माझा विषय. तिकडे गावात तुम्हा सगळ्यांना वाटतं, ही औषधांचं काहीतरी करते. अहो, मी रोज चमत्कार बघते! आधी इस्ट्रोजेन ते अस्तर जाड करतं. मग प्रोजेस्टेरॉन येतं, पेशींच्या पार गाभ्यात शिरतं, काही निजलेली जनुकं उठवतं, काही जागी असलेली निजवतं. त्यानंतर जेमतेम दोन-चार दिवस ते अस्तर गर्भाला रुजू देतं. आधी नाही, नंतर नाही. सात वर्षं हेच बघतेय, अजून अंगावर काटा येतो.

गेल्या वर्षी हा विषय आमच्याच घरात आला. सुगंधावहिनी, माझी भावजय. तिचं आयव्हीएफ दोनदा फसलं होतं, आता गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सोसायची तिची ताकद नव्हती. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांची वेळ सांभाळायचं आईनं अंगावर घेतलं. वेळ का पाळायची, हे मी तिला फोनवर समजावलं, "आई, खाडी भरतीलाच होडी आत घेते ना, तसंच हे." मोठी शहाणी मी!

पाचव्या दिवशी सहज विचारलं, तर सकाळी आठची गोळी अकराला दिलेली. मी ओरडलेच. आई शांत. "अगो, भरती रोज पाऊण तास फुडं सरते. भरतीसारखंच हाय, तूच बोललीस ना?"

तिचं काय चुकलं होतं? दादानं लगेच डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पहिली गोळी वेळेवर गेली, मोजणी तिथून सुरू झाली. एवढं चालेल, पण आता आठ म्हणजे आठच. दुसऱ्या दिवशी गर्भ आत ठेवला. पुढचे दहा-बारा दिवस मी लॅबमध्ये असून नसल्यासारखी होते.

मग आईचा फोन आला. "लागली गो होडी."

हातमोज्यांसकट तोंड झाकून रडले मी. कुठली जनुकं जागी झाली असतील, ते मी नावानिशी सांगू शकते. पण दोनदा परत फिरलेलं हे तिसऱ्यांदा का टिकलं, ते मला आजही सांगता येत नाही.

वहिनीला मुलगी झाली, आता त्या पोरीचं बारसं आहे. माझ्यासारखे लांब जाऊन राहिलेले विचारतात, तुझं घर नक्की कुठलं? मी म्हणते, आपण पोचायच्या आधीच जिथं कुणीतरी आपल्यासाठी तयार होऊन बसलेलं असतं, ते. काल तिकीट काढण्याआधी आईला फोन करून विमानाची वेळ सांगितली. तिनं बोटांवर तिथी मोजून भरतीचा अंदाज घेतला.

"ये गो," म्हणाली, "पानी हाय."