नवरी बसली की गाडी मागे घेत नाहीत

आधीच सांगून ठेवते, मी नट-बोल्टवर विश्वास ठेवणारी बाई आहे. गोंदियाला आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. गाडीला भूत लागलंय म्हणत येणारं गिऱ्हाईक मला महिन्याला एखादं तरी भेटतं, आणि दरवेळी त्याच्या गाडीचं वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं. या भुताखेतांच्या पेजवरचे अमावस्या नि पांढऱ्या साडीचे अनुभव मी जेवताना वाचते, करमणूक म्हणून. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'जुनी चाकं' नावाचा. त्यात मी एकटीच बाई, म्हणून सगळे मला दीदी म्हणतात. ग्रुपचा एकच नियम. रस्त्यात जुनी गाडी दिसली की आधी मोठ्याने तिचं नाव आणि मॉडेल सांगायचं, मगच फोटो काढायचा. फोटो काढून, घरी जाऊन, इंटरनेटवर बघून हुशारी मारणाऱ्याला आमच्यात किंमत नाही.

गेल्या डिसेंबरात, धानाची कापणी आटोपल्यावर, राजूभाईंनी बातमी आणली की अर्जुनी मोरगावच्या पुढे एका खेड्यात तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगाखाली जुनी कॉन्टेसा गाडी उभी आहे. राजूभाईंची राईस मिल आहे, मिलवर धान घेऊन येणारे लोक त्यांना असल्या खबरा देतात. रविवारी त्यांच्याच गाडीतून निघालो. ते, कॉलेजात कॉमर्स शिकवणारे बिसेन सर, आणि मी.

माझं त्यात दुसरंही काम होतं. त्याच वाटेवर पुढे केशोरीला माझं माहेर आहे. आई तिथे भावाजवळ राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस अंगणात आला तर आवाजावरून ओळखायची, चुलीवर हात भाजून घ्यायची. पण ऑपरेशनचं नाव काढलं की एकच, "पाहाचं काय रायलं आता?" डॉक्टरांनी तर सांगितलं होतं की आणखी उशीर केला तर जड जाईल. त्या दिवशी तिला गाडीत घालून आणायचीच, असं मी ठरवून निघाले होते.

वाटेत नेहमीचा वाद सुरू झाला. एक कंपनी म्हणे आपल्या जुन्या, बंद पडलेल्या गाडीचं नाव नव्या इलेक्ट्रिक गाडीला देणार. बिसेन सर खूश होते. "दीदी, याला म्हणतात ब्रँड स्ट्रॅटेजी. लोकांच्या मनात आठवण आधीच आहे, जाहिरातीचा खर्चच नाही."

मी म्हटलं, "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. आत बॅटरी, बाहेर प्लास्टिक, आणि नाव आमच्या बापाच्या गाडीचं. आठवण माझी आणि विकणार हे?"

"नाम ही तो बिकता है दीदी," राजूभाई म्हणाले. "मेरे चावल की बोरी पे भी दादाजी का नाम है. दादाजी ने कभी मिल देखी नहीं."

"तुम्ही घ्याल का पण?" बिसेन सरांनी मला विचारलं.

मी विचार केला आणि खरं ते सांगितलं. नावासाठी एकदा आत बसून बघेन, आणि रडत बाहेर येईन. मग राजूभाईंनी गाणी लावली.

कॉन्टेसा निघाली, पण नुसता सांगाडा. मागच्या सीटवर कोंबड्या बसल्या होत्या, आणि मालकीणबाई आम्हालाच अंडी विकायला बघत होत्या. राजूभाईंनी डझनभर घेतली. बिसेन सरांनी कोंबड्यांसकट फोटो काढला आणि आम्ही केशोरीकडे निघालो.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. केशोरीला आमचं धानाचं शेत होतं, पण बाबांचा जीव त्यांच्या अँबेसेडरवर. सायीच्या रंगाची, कुठल्याशा सरकारी लिलावातून आणलेली. लग्नसराईत ती आसपासच्या गावांची नवरीची गाडी असायची. नवरीला सासरी पोचवणाऱ्या ड्रायव्हरचे त्यांचे काही नियम होते. आतला आरसा वर करून ठेवायचा, नवरी रडत असते, तिच्याकडे बघायचं नाही. आणि एकदा नवरी बसली की गाडी मागे घ्यायची नाही, एक वीतभरही नाही. पोरगी मागे वळली तर तिचा जीव सासरी लागत नाही म्हणायचे. म्हणून ते गाडी कायम तोंड बाहेर करून उभी करत. एकदा एका गावात गल्लीत समोर बैलगाडी अडकली, तर बाबांनी बैल सोडायला लावले आणि वऱ्हाडातल्या माणसांकडून बैलगाडी उचलून बाजूला ठेववली, पण रिव्हर्स टाकला नाही.

माझ्या लग्नात सगळ्यांनी सांगितलं की आज तरी दुसरा ड्रायव्हर बघा. बाबा ऐकतील तर ना. बाकी सगळे माझ्या गळ्यात पडून रडत होते तेव्हा हे आधीच जाऊन स्टेअरिंगवर बसलेले. मी बसले, बाजूला नवरदेव बसले, गाडी सुटली. आई आत देवापाशी होती, तिला बाहेर यायला उशीर झाला. मागच्या काचेतून मला ती फाटकातून धावत येताना दिसली. मी म्हटलं, "बाबा, आई राहिली. जराशी मागे घ्या ना."

"नवरी बसली का गाडी मांगं नाई घेत, बाई," समोर बघतच ते म्हणाले.

केशोरी ते गोंदिया मी त्यांची मान आणि खांद्यावरचा दुपट्टा तेवढा पाहिला. आरसा वर केलेला. सासरच्या दारात त्यांनी डिकीतून माझी पेटी उतरवली, व्याह्यांना "येतो" म्हणाले आणि गेले. पुढे बाबा कितीदा आले, जेवले, नातवंडांना गाडीतून फिरवून आणलं. पण त्या दिवशी त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघायला हवं होतं, ही रुखरुख काही गेली नाही. पन्नाशीच्या बाईला असली रुखरुख शोभत नाही म्हणा... पण होती, त्याला काय करणार.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी दवनीवाड्याच्या एकाला दिली, त्याने ती दोन-तीन वर्षं वापरली आणि भंगारात कापली. कापताना मी स्वतः तिथे उभी होते. तिचं स्टेअरिंग मी मागून आणलं, ते दुकानात माझ्या खुर्चीमागे टांगलेलं आहे. म्हणजे ती गाडी उरली नाही, याबद्दल कुणी शंका काढू नये.

तर त्या रविवारी, केशोरी थोडंसं राहिलं असताना, तलावाच्या काठाला एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. भर दुपार, लख्ख ऊन. डांबरी रस्त्याला लागूनच एक मातीची वाट तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, शेतांकडे जाते. मी कप घेऊन त्या वाटेच्या तोंडाशी उभी होते आणि आईला कसं पटवावं याचा विचार करत होते.

अर्जुनीकडून एक अँबेसेडर आली.

"अँबेसेडर, मार्क थ्री," बिसेन सर ओरडले.

"फोर है सर, ग्रिल देखो," राजूभाई ओरडले.

दोघं भांडतायत तोवर गाडी आमच्यासमोरून वळली, पाळीवरच्या वाटेला लागली, थोडी पुढे गेली आणि थांबली. मग रिव्हर्स गिअरचा तो आवाज आला. अँबेसेडर मागे येताना जसं रडल्यासारखं ओरडते, ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. गाडी सावकाश मागे येऊ लागली, सरळ माझ्याकडे.

आधी मला डिकी दिसली. डिकीला कपाटाची स्टीलची कडी लावलेली होती. मूळची मूठ तुटली तेव्हा बाबांनी आमच्या घरच्या कपाटाची कडी काढून लावली होती, त्यावरून आईने दोन दिवस अबोला धरला होता. मी ती कडी बघत राहिले. आणि मग मान वर केली.

गाडी मागे घेताना ड्रायव्हर काय करतो? डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकतो, अंग वळवतो आणि मागच्या काचेतून बघतो. तसेच बाबा बघत होते. मागची सीट रिकामी होती, त्यामुळे आमच्या मध्ये फक्त काच. खांद्यावर दुपट्टा. हसले नाहीत, हात केला नाही. पाहुण्यांच्या गर्दीत एखाद्याकडे नीट बघायचं राहून गेलेलं असतं आणि मग सवडीने बघतो ना आपण, तसं ते माझ्याकडे बघत होते. कपाळ, डोळे, केस... माझे पांढरे झालेले केससुद्धा. मी घाबरले का म्हणाल तर अजिबात नाही. मला इतकं बरं वाटत होतं की हाक मारायचंही सुचलं नाही.

मग ते पुढे वळले. गिअर पडला. गाडी पाळीवरून गेली आणि पळसाच्या झाडांआड झाली.

माझ्या हातातला कप कधी पडला कळलं नाही. राजूभाई म्हणाले, "चलो चलो, मालिक को पकड़ते हैं," आणि आम्ही त्यांच्या गाडीतून मागे लागलो. पाळ संपते तिथे वाटही संपते. पुढे कापलेल्या धानाचं शेत, त्याचे धुरे-बांध, आणि एका बाजूला पाणी. गाडी नव्हती. बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, तेवढ्याच. राजूभाई उतरून पळसांमागे बघून आले आणि स्टेअरिंगवर बसले.

परत आल्यावर टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "एक गाडी गेली खरी. पण तिकडं कायले जाईन कोनी? तिकडं त रस्ताच नाई."

फोटो? बिसेन सरांनी घाईत फोनचा पुढचा कॅमेरा चालू केला होता. आमच्याकडे पुरावा म्हणून तोंड उघडं टाकलेल्या बिसेन सरांचा व्हिडिओ आहे, आणि त्यात मागून रिव्हर्सचा आवाज आहे. ड्रायव्हरचा चेहरा दोघांपैकी कुणीही पाहिला नाही. राजूभाई म्हणतात, ग्रिल बघत होतो. सर म्हणतात, टेललॅम्प बघत होतो. मी दोघांनाही तेव्हा काही सांगितलं नाही.

घरी गेलो. वहिनीने जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर दोघं अंगणात खाटेवर बसले आणि मी आत आईजवळ गेले. ती चाचपडत तुरीच्या शेंगा सोलत होती. ऑपरेशनचं बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून तेच निघालं. सगळं सांगितलं, कडीसुद्धा.

मला वाटलं, ती वेड्यात काढेल. तिने शेंगा सोलायच्या थांबवल्या.

"बारीक झाले का व?"

"नाही. होते तसेच आहेत."

"दाढी केली होती?"

"केली होती."

"कपडे?"

"पांढरा सदरा. स्वच्छ होता."

मग म्हणाली, "इतल्या जवर आले, अना मले काऊन नाई दिसले?"

ती पुढे म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "आले असतीन घरीबी. रोजच येत असतीन. मलेच दिसले नसतीन." आणि शेंगांची टोपली बाजूला सारून उठली. "चाल, डोळे करून टाकू. लुगडी भर माही पिशवीत."

त्याच संध्याकाळी ती आमच्याबरोबर गोंदियाला आली. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. दोन्ही छान झाले. डॉक्टर म्हणाले, आजी फार धीराच्या आहेत. पट्टी काढल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि "किती पांढरी झाली व तू" म्हणाली, मग लगेच, "मले घरी सोडून दे."

टपरीवाला धरून चौघांनी गाडी पाहिली, एकटीने माणूस पाहिला. हे कसं झालं, ते मला ठाऊक नाही. ज्यांना भास म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं, मी भांडणार नाही. माझं जे राहिलं होतं ते मला मिळालं. पण भाऊ फोनवर सांगतो की आई आता सुईत दोरा ओवते, तांदळातले खडे वेचते, आणि दुपारचं जेवण झालं की फाटकाजवळ खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसते. ऊन उतरेपर्यंत बसते. मी परवा तिला विचारलं, काय दिसतं गं?

"सगडं दिसते व," ती म्हणाली. "येनारे-जानारे सगडे दिसतेत."