भुकेवर पुडी

रोहिणखेडच्या रुक्मिणीबाईचं तोंड आता जेमतेम एक बोट उघडतं. भाकर वरणात कुस्करून आत ढकलावी लागते. जरा तिखट लागलं की गालाच्या आत जाळ होतो.

बारा वर्षं ती हिंमतरावांच्या शेतात निंदायला जात होती. दुपारी बाया जेवायला बसल्या की काम थांबतं, हे हिंमतरावांना खपत नसे. म्हणून ते प्रत्येकीच्या हातावर खर्ऱ्याची पुडी ठेवत. सुपारीचा चुरा, चुना, तंबाखू, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. "खा बाया हो, भूक मरते, अंगात जोर येते." जोर यायचाही. डोकं हलकं व्हायचं, हात चालायचा, पोट गप्प बसायचं. रुक्मिणीबाईला वाटायचं, माणूस मोठ्या मनाचा आहे.

मागच्या महिन्यात गावात दातांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंड पहिल्यासारखं उघडणार नाही. सुपारी आजच सोडा, नाहीतर कॅन्सर ठेवलेला." रुक्मिणीबाई रडली नाही. चुलीपुढे बसली आणि एकाएकी तिच्या ध्यानात आलं, हिंमतरावांना पुडी खाताना आपण कधीच पाहिलं नाही. तिचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी नव्यानं कामाला आलेल्या समताच्या हातावर पुडी ठेवली. रुक्मिणीबाईनं ती हिसकून घेतली.

"भाऊ, तुम्ही काऊन नाही खात हे?"

"मले सवय नाही."

"मंग आम्हाले काऊन लावली? तुमच्या सुनेले देता का?"

"जबरदस्ती केली होती का तुले? हात तूच पुढं करत होती."

खरं होतं ते, म्हणूनच जास्त झोंबलं.

"हाव, केला! भुकेजली होती मी. भाकर खाऊ देली असती त कायले केला असता?"

तिनं पुड्यांची थैली चिखलात पालथी केली, पायानं तुडवली आणि निंबाखाली जाऊन शिदोरी सोडली. समता मागोमाग आली, मग आणखी दोघी. बाकीच्या खाली मान घालून निंदत राहिल्या.

"उद्यापासून येऊ नको!" हिंमतराव ओरडले.

"येतच नाही!"

चौघी आता दुसरीकडे जातात, दुपारची सुट्टी आधी ठरवून. हिंमतरावांच्या शेतात पुड्या अजून वाटल्या जातात. वाटेत त्यांची मोटारसायकल मागून आली की बाकीच्या तिघी बाजूला सरतात. रुक्मिणीबाई सरत नाही. हॉर्न वाजत राहतो, ती रस्त्याच्या मधूनच चालते.