चाकाच्या नटावरची रेघ

मखमलाबादच्या मळ्यांत फकिराआप्पांना घाईत कोणी कधी पाहिलं नव्हतं. झेंडूची तोड असो, लग्न असो की मयत, आप्पांची चाल एकच. भारत गेल्यावरही ते तसेच चालताना दिसले, तेव्हा भावकीतले दोघंतिघं म्हणाले, माणूस मोठा घट्ट काळजाचा. म्हणणाऱ्यांचं काय जातं! आप्पा घट्ट-बिट्ट काही नव्हते. एकाच कुशीवर फार वेळ झोपल्यावर हात मुका होतो, तसे ते सगळेच मुके झाले होते. चहा गोड आहे की अगोड, हेसुद्धा दुसऱ्या कुणी सांगितल्यावर त्यांना कळायचं.

भारत त्यांचा एकुलता मुलगा. पावसाळ्याच्या शेवटी त्याला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत घरातला धडधाकट माणूस उठून गेला. मागे राहिली त्याची बायको रूपाली, आई नवसाबाई, एकरभर झेंडू आणि मोटरसायकल.

झेंडू काही सुतक पाळत नाही. फुलं उमलली की बाजारात न्यावीच लागतात. आप्पांच्या गुडघ्याने किक मारणं केव्हाच सोडलं होतं, म्हणून रूपालीच मागे क्रेट बांधून पंचवटीच्या फुलबाजारात जाऊ लागली. भावकीत कुजबूज झाली. नवसाबाई रीतीच्या पक्क्या, दहाव्याला सुनेच्या बांगड्या, टिकल्या, नखांचा रंग सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने गोळा करून गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायला नेलं होतं. पण कुजबुजणाऱ्यांना त्यांनीच विचारलं, "मग तुमी जाता का माल घिऊन?"

आता गाडीचं सांगायचं तर, भारतला एक खोड होती. चेन ताणून झाली की मागच्या चाकाचा नट तो पान्यावर चक्क उभा राहून आवळायचा. मग रूपालीच्या नेलपॉलिशने नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक लाल रेघ ओढायचा. रेघ सलग दिसली म्हणजे नट जागेवर. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला, आधी पाना घ्या. सातपूरला कंपनीत होता तेव्हा तो हे शिकला होता. रूपाली म्हणायची, बाटली माझी आणि नटतेय गाडी. आप्पांचा राग वेगळा होता. "अरे हातानं आवळ. उद्या खोलायचा म्हटलं तर काय कुऱ्हाड आणू?" भारत नुसता हसायचा.

त्याने ओढलेली शेवटची रेघ अजून तशीच होती. रोज सकाळी रूपाली निघण्याआधी आप्पा गुडघा धरून चाकापाशी बसायचे. घरच्यांना वाटायचं हवा बघतात. ते रेघ बघायचे. ताजी दिसावीत म्हणून फुलांवर पाणी मारलेलं असे, ते रोज क्रेटमधून नटावर गळे. आप्पा फडक्याने रेघेच्या अलीकडचा, पलीकडचा चिखल टिपायचे, रेघेला मात्र फडकं लागू द्यायचे नाहीत. तेल तर नाहीच. तेलाने रंग सुटला तर? डोळ्यांत तेल घालून जपलेल्या त्या नटाला तेलाचा एक थेंब मिळाला नाही, आणि तो आतून गंजत गेला.

चेन सैल पडली. कव्हरला घासून खडखडू लागली. ती ताणायची तर नट सैल करायला हवा आणि नट फिरला की रेघ तुटणार. आप्पांना हे पुरतं ठाऊक होतं. "उद्या बघू," ते म्हणायचे. रूपालीही बरं म्हणायची. असे पुष्कळ उद्या गेले.

मग एका सकाळी ती गाडी ढकलत परत आली. पेठ नाक्याच्या अलीकडे चेन उतरली होती, गाडी आडवी झाली आणि मागून येणारा टेम्पो जेमतेम हातभर अंतरावर थांबला होता. तिचं कोपर सोलवटलं होतं. "फुलं चिरडली, आप्पा," एवढंच ती म्हणाली.

आप्पांनी कोपराकडे पाहिलं. छातीत धस्स व्हायला हवं होतं, झालं नाही. पण एक गोष्ट त्यांना लख्ख कळली. एका रेघेपायी आपण ही पोर टेम्पोखाली घालत होतो. ते उठले आणि स्वतःच पाना घेऊन आले.

नट ढिम्म हलेना. आप्पांनी त्यावर डिझेल सोडलं, हातोडीने चारी अंगांनी हलके ठोकलं, डिझेल मुरायला वेळ दिला. तोवर नवसाबाईंनी चहा आणला. आप्पांनी तो संपवला.

"आई, साखर राहिली," रूपाली म्हणाली.

"अगं बया. आवो, बोलायचं ना."

आप्पांनी रिकाम्या कपात पाहिलं आणि तो खाली ठेवला.

"नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवू का?" रूपालीने विचारलं.

"नको," आप्पा म्हणाले. परक्या माणसाने ती रेघ तोडावी, हे त्यांना नको होतं. तोडायचीच तर घरच्याने तोडावी.

विहिरीवरचा लोखंडी पाईप आणून त्यांनी पान्याच्या दांड्यावर चढवला, म्हणजे जोर लांबून बसेल. स्टँडवरून गाडी घसरू नये म्हणून रूपालीला वर बसवलं. पलीकडून बोल्टचं डोकं फिरू नये म्हणून दुसरा पाना नवसाबाईंच्या हातात दिला. आयुष्यात गाडीला हात न लावलेली बाई पदर खोचून मातीत बसली. आप्पांनी पाईपवर पाय ठेवला, सगळं वजन टाकलं.

कट्ट आवाज झाला.

रेघेचा वरचा तुकडा नटाबरोबर फिरला, खालचा पट्टीवर राहिला. तिघांनीही ते पाहिलं. या वेळी आपल्याला रडू येईल, असं आप्पा इतके दिवस धरून चालले होते. आलं नाही. चेन ताणायची राहिली होती, ती त्यांनी ताणली. दोन्ही बाजू सारख्या केल्या, बोटाने चेन वर-खाली करून पाहिली आणि नट हाताने आवळला. मग पुन्हा पाना लावून त्यावर चढून उभे राहिले.

"रेघ?" रूपाली हळूच म्हणाली.

नवसाबाई उठून घरात गेल्या. पेटीचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत लाल रंगाची बाटली होती.

"तुम्ही गंगेत सोडली म्हणाला होता," रूपाली म्हणाली.

"नाय सोडवली. पोराच्या बोटांचा डाग व्हता तिच्यावर."

रंग घट्ट झाला होता. रूपालीने बाटली तळहातांत घोळवून घोळवून तो पातळ केला आणि जुन्या तुकड्यांच्या शेजारी नवी रेघ ओढली. ओढता ओढता एक थेंब तिच्या अंगठ्याच्या नखावर पडला. तिने डिझेलचं फडकं उचललं.

"ऱ्हाऊ दे. पुसू नको," नवसाबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी क्रेट बांधून झाले. रूपाली गाडीवर बसली. हँडलवर तिचा लाल अंगठा होता. आप्पा रोजच्यासारखे चाकापाशी बसले, पण आज त्यांच्या हातात तेलाची कुपी होती. रेघेवरूनच त्यांनी नटावर तेल सोडलं.

"रंग जाईल ना, आप्पा."

"जाऊ दे," आप्पा म्हणाले. "बाटली हाय ना घरात."