दोन डोक्यांची मुलगी

माझं मधलं नाव दोनदा ठरलं. जन्माच्या दाखल्यावर दोघा भावांतल्या धाकट्याचं, शाळेच्या दाखल्यावर थोरल्याचं. आमच्या नागपूरच्या घरात याचं कुणाला काही वाटत नसे. आईला मूल नव्हतं, काकूला दुसरी मुलगी झाली, ती मी, आणि सहा महिन्यांची असताना मी खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर राहायला गेले. जन्मदाते झाले काका आणि त्यांचे दादा झाले माझे बाबा.

काका या बाबतीत भलतेच काटेकोर. मी जिन्यातून "बाबा!" म्हणून हाक मारली की स्वतः समोर उभे असले तरी मागे वळून ओरडायचे, "दादा, तुला बोलावतेय!" माझ्या लग्नात बाबा कन्यादानाला बसले, तेव्हा काका मंडपामागे मठ्ठ्यात मीठ पुरेसं आहे का ते बघत होते. वरच्या मजल्यावर माझे लाडच लाड झाले, तक्रारीला जागाच नाही. तरी एक कुसळ सलत राहिलं. या माणसानं मला एकदाही 'माझी' म्हटलं नाही. दुसरीही मुलगीच, दिली आणि सुटलो, असं तर नसेल?

पुढे अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या वेळी पार्सिपनीतल्या वकीलबाईंनी दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवून विचारलं, "सो, हू इज द फादर?"

"बोथ," माझा नवरा म्हणाला. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली.

शेवटी दत्तकपत्राच्या जोडीला काकांनी नोटरीसमोर लिहून दिलं, की या मुलीवर माझा कोणताही हक्क नाही. तो कागद सावजी मसाल्याच्या पुड्यासोबत कुरिअरनं आला. मी ढसाढसा रडले आणि नवऱ्याला सांगितलं, मसाला नाकात गेला.

यंदा काका आमच्याकडे आले. बाबा, आई, काकू, एकेक करून सगळे गेले होते, काकांची थोरली केव्हाच सासरी गेली होती आणि दोन्ही मजल्यांवर मिळून हे एकटेच उरले होते. नवऱ्याकडे विमानाचे पॉइंट्स साठलेले, म्हणून आम्ही तिघं हवाईला गेलो. पहिल्या दिवशी बस टूरचा फॉर्म भरताना 'इमर्जन्सी काँटॅक्ट'समोर काकांनी माझं नाव घातलं आणि नात्याच्या रकान्यात ठसठशीत कॅपिटलमध्ये लिहिलं, 'नीस'. पुतणी. बरोबरच होतं. मला उगाचच राग आला.

टूरची गाइड तिथलीच, पन्नाशीची. तिकडे वडीलधाऱ्या परक्या माणसालाही अंकल म्हणतात. तिनं काकांना "अंकल, वॉच युअर स्टेप" म्हटलं आणि काका खूश. "आपल्यातलेच लोक आहेत गं हे!"

म्युझियममध्ये पिसांच्या एका झग्यासमोर तिनं जुन्या सरदारांची गोष्ट सांगितली. एखाद्या राजघराण्यातल्या मुलाचा बाप नक्की कोण, हे ठरत नसे. दोन सरदार पुढे यायचे आणि दोघंही म्हणायचे, माझा. लपवाछपवी नाही, भांडण नाही. मुलाला दोन्ही वंशावळी मिळायच्या, दोन्हीकडचा मान मिळायचा. अशा मुलाला म्हणायचं 'पोओलुआ', दोन डोक्यांचा. आमच्यातले दोन-चार टूरिस्ट खुसखुसले. काका हसले नाहीत.

"दोघंही म्हणायचे?" त्यांनी मला मराठीत विचारलं. "चारचौघांत?"

"हो. पण काका, आपलं तसं नाही. दुसऱ्यांनी वाढवलेल्या मुलाला इथं 'हानाई' म्हणतात, बाईंनी मघाशी सांगितलं ना."

"ते ऐकलं," ते म्हणाले आणि झग्याकडे बघत राहिले. मग एकदम, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाले, "मलाही म्हणायचं होतं. पण दादाला वाटलं असतं, दिली आणि परत मागतोय. म्हणून जीभ आवरली. एकदा सुटली असती तर थांबली नसती."

मी त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांना तहान नव्हती, तरी त्यांनी ती संपवली.

दुसऱ्या दिवशी बोटीची सहल, म्हणजे पुन्हा फॉर्म. काका काउंटरवर वाकून बराच वेळ लिहीत होते. मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "पोओलुआचं स्पेलिंग काय गं?"

"काका, तिथं तसं नसतं लिहायचं."

"तू स्पेलिंग सांग."

मी मोबाइलवर शोधून सांगितलं. काउंटरवरच्या मुलीनं नात्याचा रकाना वाचला, मान वर करून आधी त्यांच्याकडे मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "थँक यू, अंकल," आणि फॉर्म ठेवून घेतला. मी गॉगल लावला. ऊन तसं फार नव्हतं.

बोट किनाऱ्यापासून सुटली आणि वारा सुरू झाला. काका पुढच्या बाजूला उभे, डोक्यावरची नवी टोपी उडायच्या बेतात. मी मागून ओरडले, "बाबा, टोपी धरा!"

काकांनी सवयीनं मागे वळून बघितलं, दादा कुठे आहे ते. मागे बोट लागलेला माझा नवरा तेवढा कठडा धरून बसला होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी टोपी धरली.